दुसऱ्याच्या हातानं

सरांच्या शर्टाचा डावा खिसा कायम खाली ओढलेला असे. त्यात पेन नसे की चष्मा नसे. एका जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, कडेचा टवका उडालेलं काळं लोहचुंबक असे. दिवसभरात त्याला जे जे चिकटे ते संध्याकाळी टेबलावर झाडलं जाई: टाचण्या, कपाटाची किल्ली, एखादं नाणं, आणि कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही असा बारीक काळा भुगा. त्या चुंबकापायी सरांच्या मनगटावरचं घड्याळ कायमचं थांबलं होतं आणि बँकेचं कार्ड वरचेवर मुकं होत असे. बँकेतली मुलगी दर वेळी नवं कार्ड देताना बजावायची, "काका, हे त्या खिशात ठेवू नका हं." सर मान डोलावीत आणि कार्ड त्याच खिशात ठेवीत.

उल्हासनगरच्या ज्या महाविद्यालयात ते रसायनशास्त्र शिकवीत, तिथंच मी त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली. प्रबंधाचं नाव दोन ओळींचं होतं, पण त्याचा गाभा एका दमात सांगता येईल. झाडाच्या पाल्याचा अर्क काढायचा, तो लोखंडाच्या क्षारांत मिसळायचा, आणि त्यातून इतके सूक्ष्म चुंबकीय कण घडवायचे की एकेकटा कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये. असे कण गढूळ, रंगीत पाण्यात सोडले की पाण्यातला रंग त्यांच्या अंगाला लागतो. मग बाहेरून चुंबक धरलं की कण आणि रंग दोन्ही एका कडेला गोळा होतात.

पाला जांभळीचा घ्यायचा, हे मी ठरवलं होतं. मी बदलापूर गावातली. आमच्या मागल्या अंगणात जांभळीचं झाड आहे, आणि उन्हाळा सरता सरता त्याच्याखालची फरशी, माझ्या फ्रॉकचे खिसे, आईचा पदर, सगळं जांभळं होऊन जात असे. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं.

"हे कारण प्रबंधात लिहू नका," ते म्हणाले. "पण पाला मात्र त्याच झाडाचा आणा. ओळखीचं माणूस आजारी पडलं की आपल्याला आधी कळतं. झाडाचंही तसंच."

कण खरे की खोटे हे ठरवण्याची सरांची एक कसोटी होती. मोठी यंत्रं मुंबईला होती, तिथं नमुने पाठवावे लागत आणि त्यांची वाट पाहावी लागे. सरांची कसोटी त्याआधीची. काळं द्रावण काचेच्या कुपीत घ्यायचं, बाहेरून काचेला ते खिशातलं चुंबक टेकवायचं आणि श्वास धरून थांबायचं. कण साधले असतील तर तो सगळा काळोख हळूच जागा होतो, काचेवर सरकतो, मखमलीसारखा दाट होत चुंबकाकडे वर चढतो, आणि मागं नितळ पाणी उरतं. मी ते कित्येकदा पाहिलं. साधले नसतील तर काळं द्रावण काळंच राहतं, जागचं हलत नाही.

म्हणून सरांच्या तोंडी नमस्कार नसे, "चढलं का?" असे. सकाळी जिन्यात भेटले तरी, फोन केला तरी, सुट्टीनंतर आलो तरी. माझ्या धाकट्या भावाचा बारावीचा निकाल लागला तेव्हा मी त्याच्यासोबत पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकत त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, चढलं का? भावाला हे काही कळेना. मी म्हटलं, "चढलं, सर. पहिल्या श्रेणीत."

प्रयोगशाळेची एक खिडकी ते कुणालाही बंद करू देत नसत. तिच्याखालून वालधुनी नदी वाहते. उन्हाळ्यात तिचा वास आत येई: कुजलेल्या दोरासारखा, मधूनच गरम रंगाचा, जिभेवर धातू ठेवावा तसा. मुलं नाकाला रुमाल लावत. सर खिडकीत उभे राहून तिचा त्या दिवशीचा रंग फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत. "आज निळी आहे. म्हणजे जीन्स रंगवायची ऑर्डर आली असेल कुठंतरी." एकदा पाहुणे म्हणून आलेल्या एका प्राध्यापकांनी आमच्या कामाचं फार कौतुक केलं. ही हरित पद्धत, हा निसर्गाकडे परतण्याचा मार्ग, नदीचं पुनरुज्जीवन, असं बरंच. सरांनी शांतपणे फडताळाकडे बोट केलं.

"ती कॉस्टिक सोड्याची बाटली आमचीच आहे, साहेब. पाला घातला म्हणून आम्ही साधू झालो नाही. आणि नदी आमच्याच्यानं साफ व्हायची नाही. आम्ही एक बाटली साफ करणार आहोत. पण ती नीट."

ही "एक बाटली नीट" त्यांची महत्त्वाकांक्षा होती. मला तेव्हा ती फार लहान वाटे.

दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घेऊन ते अंबरनाथच्या शिवमंदिरात जात. मुलं दर्शन घेत, शिल्पांपुढे फोटो काढत. सर मात्र देवळालगतच्या प्रवाहाकाठी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक ओल्या वाळूतून फिरवत. फुलं विकणारी एक मावशी त्यांना दर वर्षी ओरडून विचारी, "अंगठी सापडली का मास्तर?"

"अंगठी नाही हो मावशी, डोंगर हरवलाय. तो शोधतोय."

"मग बसा. दिस जाईल."

चुंबकाला काळीभोर रेती लगडून येई. ती तळहातावर घेऊन सर मुलांना दाखवीत. देऊळ ज्या काळ्या दगडाचं आहे, त्याच दगडातली ही रेती. दगडात लोखंड असतं, पाणी त्याला कणाकणानं सोडवून आणतं. "ह्याला जे करायला युगं लागली, ते आपण दुपारच्या डब्याच्या आधी करायचं म्हणतोय," ते म्हणत. "तेव्हा जरा बेतानं." ओल्या रेतीला त्या वेळी उन्हात एक निळसर चमक असे. मला वाटे, देऊळ आत आहे आणि इथं बाहेर ते हळूहळू विरघळतं आहे, आणि हा माणूस ते परत वेचतो आहे.

जीभ हे पहिलं उपकरण, असं ते मानत. बाटलीतलं काही जिभेला लावाल तर प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाही, असा दम भरून ते आम्हांला पानं मात्र चघळायला लावत: पेरूचं, तुळशीचं, कडुनिंबाचं. अट एकच. कडू, तुरट, आंबट हे शब्द वापरायचे नाहीत. जांभळीचं पान चघळून मी म्हटलं होतं, "जिभेवरून कुणीतरी कोरडा हात फिरवला, सर." ते खूश झाले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'कवयित्री' झाले.

ते पदवीदान चेष्टेचं होतं, पण खोटं नव्हतं. माझे बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला. रविवारी विहारात ते मुलांना कविता म्हणायला शिकवीत, आणि मी त्यांची पहिली विद्यार्थिनी. तालाशिवाय मला वाक्यच सुचत नसे. प्रयोगाची कृती लिहिताना हे सगळं माझ्या अंगाशी आलं. 'अर्काला मावळतीचा रंग येईपर्यंत' असं मी लिहिलं, तर समासात सरांचा शेरा: "मावळती कुठल्या गावची? कुठल्या महिन्यातली?" 'द्रावण जड मनानं ढवळावे' यावर: "मनाचं वजन द्या." मी हिरमुसून पुन्हा लिही. ते पुन्हा कापीत. असं करत करत माझी कृती सुकलेल्या शेंगेसारखी झाली, हलवली तर नुसते आकडे खुळखुळत. सर म्हणाले, "आता झाली. आता काजलला द्या."

इथं सरांचा तो नियम सांगायला हवा, ज्यापायी विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी उशिरा सुटणारे म्हणून प्रसिद्ध होते. प्रबंधावर सही करण्याआधी तो प्रयोग दुसऱ्या कुणीतरी, केवळ लिहिलेल्या कागदावरून, करून दाखवला पाहिजे. लिहिणाऱ्यानं त्या दिवशी खोलीत असायचं, पण एक अक्षर बोलायचं नाही. "तुमच्या हातानं झालं, ही तुमची आठवण झाली," ते म्हणत. "दुसऱ्याच्या हातानं झालं की शास्त्र."

माझ्या नोंदणीची शेवटची मुदतवाढही संपत आली होती. त्या सत्रात सरांची सही झाली नाही तर नोंदणी रद्द होणार होती, आणि इतक्या वर्षांचं काम अंगणातल्या पाल्यासारखं झाडून टाकावं लागणार होतं. घरी कुणी काही म्हणत नसे. पण बाबा चहा देताना हल्ली कपाऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघत.

काजल माझ्यामागून आलेली विद्यार्थिनी. उल्हासनगरची सिंधी मुलगी. तिचे वडील पूर्वी जीन्स रंगवण्याच्या कामात होते, आता चेन आणि बटणांचं दुकान होतं. ती मला 'अदी' म्हणे, म्हणजे ताई. पहिल्या दिवशी कागद हातात घेऊन ती म्हणाली, "अदी, टेन्शन नको. तुझा कागद एकदम साफ आहे. मैं तो आँख बंद करके बना दूँगी."

"डोळे उघडे ठेवा," सर म्हणाले, "आणि कवयित्रींनी तोंड बंद."

दुसऱ्या सकाळी आम्ही यायच्या आधीच तिनं पाला धुवून अर्क करून ठेवला होता; आमच्यासमोर क्षार मिसळले, थेंब थेंब कॉस्टिक सोडलं. द्रावण काळं झालं, लगेच, दाट. काजल टाळ्या वाजवणार एवढ्यात सरांनी चुंबक टेकवलं. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. काही हललं नाही. काजलनं कुपी हलवली, पुन्हा धरली. ते काळं पाणी तिच्याकडे पाठ करून बसलं होतं.

दुसऱ्यांदाही तेच. त्याच दिवशी, त्याच बाटल्यांतून, त्याच पाल्याचं मी केलं आणि माझ्या कुपीत काळोख सरसर चढला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; माझाच हात मला खोटा वाटू लागला.

"सर, माझ्या हातानं होतंय ना!" मी अखेर म्हटलं. आवाज चढला होता. "दर वेळी होतंय. यंत्रानंही तेच सांगितलं. मग सही का नाही?"

"तुमचा हात प्रबंधाबरोबर टपालानं पाठवायचा का?"

"माझी नोंदणी जाईल, सर."

"माहीत आहे," ते म्हणाले. आणि मग, खिडकीबाहेर बघत, "मलाही रात्री झोप नाही." त्यांच्याकडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. रागावून राहणं त्यानंतर कठीण झालं.

मी दोन्ही कुप्या उजेडात धरल्या. तेव्हा मला दिसलं, की ते दोन काळे एक नव्हते. "सर, हा माझा काळा तव्याच्या बुडाचा आहे. कडेला पातळ होतो तिथं तपकिरी दिसतो. काजलचा काळा कडेला जांभळा आहे. पिकल्या जांभळाच्या सालीसारखा."

मला वाटलं, आता विचारतील, जांभूळ कुठल्या गावचं. पण ते झटकन जवळ आले. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी काजलची कुपी नाकाशी, डोळ्यांशी नेली. "लिहा," ते म्हणाले. "हे असंच लिहा, एक शब्द बदलू नका. कवयित्री, ही शाई आहे."

तुरट पाल्यात जे असतं ते लोखंडाला भेटलं की काळी शाई होते. लोखंडी विळीवर आवळा चिरला की फोड काळी पडते ती ह्यानंच. काजलच्या अर्कात हा तुरटपणा इतका उतरला होता की त्यानं लोखंडाला धरून ठेवलं, कण होऊच दिले नाहीत. पण पाला एक, पाणी एक, मग तिच्या अर्कात तो जास्त का उतरावा? सरांनी माझा कागद पुन्हा वाचला, मीही वाचला. कुठंच फट दिसेना.

उरलेला अर्क ओतून टाकू लागलेल्या काजलला सर म्हणाले, "तो ठेवा. बाटलीत भरा, नाव घाला. चूक करणाऱ्याचं नाही, चुकीचं."

त्या दुपारी काजल मला बळंच घरी घेऊन गेली. "मुँह उतर गया है अदी का. चल, माझ्या हातचा चहा पी. तो तरी बिघडत नाही." दुकानावरच्या माळ्यावर त्यांचं घर. तिनं पातेल्यात पाणी, दूध, पत्ती, साखर, वेलची सगळं एकत्र चढवलं. उकळी आली. तिनं आच कमी केली, पुन्हा उकळी आली. वेलचीचा वास दाट होत गेला, चहा विटकरीच्या रंगाचा झाला, आणि ती आपली कॉलेजच्या गोष्टी सांगत कडेची साय खरवडून परत आत ढकलत होती.

"अजून किती उकळणार गं?"

"अदी, कडक व्हायला नको? रंग तर येऊ दे. तुम्ही कसा करता?"

"पाणी उकळलं की पत्ती टाकायची, गॅस बंद, वर ताटली. मग गाळून वरून दूध."

"गॅस बंद?" तिनं चमचा थांबवला. "तो चाय बनती कब है? ताटलीखाली चहाला झोपवता काय तुम्ही लोक?"

मी हसले. तीही हसू लागली, आणि हसता हसता तिचं तोंड उघडंच राहिलं. चमच्यावरून एक थेंब शेगडीवर पडून चुरचुरला.

"अदी," ती हळूच म्हणाली, "तुझ्या कागदावर पाल्याचं काय लिहिलंय?"

मला पाठ होतं. "'चहासारखा अर्क काढावा.'"

चहा उतू गेला. आम्ही दोघींनीही गॅस बंद केला नाही.

सकाळी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. त्यांना असं हसताना पाहून काजल घाबरली. माझ्या सगळ्या उपमा त्यांनी निवडून निवडून कापल्या होत्या. एक राहिली होती, कारण ती उपमा आहे हे आम्हां दोघांनाही कळलं नव्हतं.

"मी हा कागद कितीदा वाचला," डोळे पुसत ते म्हणाले. "मला कधीच दिसलं नसतं. माझ्याही घरी ताटलीच ठेवतात."

मी ते वाक्य कापलं. पाणी उकळल्यावर ज्योत बंद करून पाला घालावा, झाकावे, किती वेळ ठेवावे ते आकड्यात, आणि उकळू देऊ नये. त्याखाली, सरांच्या आग्रहावरून, दोन्ही काळ्यांचं वर्णन शब्दशः. मग काजलनं पुन्हा पाला धुतला. मला सरांनी खिडकीशी, पाठ करून बसवलं. मागं काय चाललंय ते मी कानांनी आणि नाकानं पाहत होते: झाकण ठेवल्याचा आवाज, मग थोड्या वेळानं ओल्या अंगणाचा, पानांचा वास, ढवळणीची एकसुरी गुणगुण, थेंब थेंब पडणाऱ्या कॉस्टिकचा आवाज. खाली वालधुनी निळी होती. मग खिशातून चुंबक निघाल्याचा आवाज, त्याला चिकटलेल्या टाचण्या टेबलावर गळाल्या.

"चढलं का?" सर.

मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"अदी," काजल ओरडली, "बघ ना, चढतंय! अपने आप चढ़ रहा है!"

त्यानंतर तिनं नदीतून आणलेल्या निळ्या पाण्याची बाटली घेतली, तिच्यात ते कण सोडले, हलवली, चुंबक धरलं. पाणी काही आरशासारखं झालं नाही. पण निळं राहिलं नाही. बाटलीपलीकडे धरलेलं माझं बोट दिसत होतं. काजल कितीतरी वेळ बाटली फिरवत राहिली. मग म्हणाली, "सर, ही घरी नेऊ? पापाला दाखवते. लहानपणी मला वाटायचं, त्यांचे हात निळेच आहेत. जन्मापासून."

"न्या," सर म्हणाले. "पिऊ नका म्हणावं."

सहीसाठी त्यांनी कपाटातून एक दौत काढली. काजलचा तो फार उकळलेला अर्क त्यांनी गाळून तिच्यात भरला होता. त्यात हिराकसाचे, म्हणजे लोखंडाच्याच एका क्षाराचे, फिकट हिरवे खडे आणि बाभळीचा डिंक विरघळवला होता. बोरूसारखा एक टाक बुडवून त्यांनी माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली. कागदावर उमटलं ते जेमतेम दिसेल असं राखाडी, पाण्यानं पुसलेल्या फळ्यासारखं.

"सर, दिसत नाहीये. विद्यापीठातले लोक परत पाठवतील."

"आज नाही दिसायची. हवा लागू द्या."

"पण—"

"कवयित्री, तुमच्या कागदावर मी भरवसा ठेवला की नाही?"

सर आता निवृत्त झाले आहेत. बदलापूरजवळ, चामटोलीच्या वाटेवर त्यांचं छोटं घर आहे, दारात आमच्या झाडाच्या बीपासून लावलेली जांभळीची रोपं आहेत. मी अंबरनाथला शिकवते. काजलचा प्रबंध पुढच्या वर्षी येईल आणि तिची कृती करून पाहायची पाळी माझी आहे. पण सर आठवतात ते मला त्या सहीनंतरच्या सकाळी.

त्या रात्री प्रबंध मी अंगणाकडच्या खिडकीत उघडा ठेवला होता, पानावर एक गोटा ठेवून. सकाळी स्वयंपाकघरात बाबांनी चहावर ताटली ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, काही नाही.

"चढलं का?"

मी खिडकीशी गेले. पानावर सरांचं नाव उभं होतं, काळंभोर, आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला पिकल्या जांभळाच्या सालीची झाक होती.

"चढलं, सर."